डाव्या हाताची मजुरी

‘चार्ल्स्टन’ हे नाव ठाऊक नसणाऱ्यांनीही ते नृत्य पडद्यावर कधी ना कधी पाहिलेलं असतं. आखूड केसांच्या मुली, गुडघे आत-बाहेर वळवत फेकलेले पाय, मागे धावणारी लय. १९२०च्या दशकावरचा चित्रपट या दृश्यावाचून सहसा पुढे सरकत नाही. ज्या गाण्यानं हे नृत्य जगभर पोचवलं ते १९२३ मध्ये ‘रनिन वाइल्ड’ या संगीतिकेतून ब्रॉडवेवर आलं. त्याची चाल जेम्स पी. जॉन्सन या कृष्णवर्णीय पियानोवादकाची. जॉन्सन १७ नोव्हेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला. क्वीन्स भागातल्या माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत त्याला पुरलं, आणि पुढची जवळजवळ चोपन्न वर्षं त्या जागेवर त्याच्या नावाचा दगडही नव्हता.

मी या माणसाकडे वळलो ते त्याच्या डाव्या हातामुळे. आमच्या घरी पेटी होती. वडील भजनी मंडळात वाजवायचे. पेटीवाल्याचा डावा हात भात्याला बांधलेला. गाणं काय ते उजव्या हाताच्या बोटांतून येणार. हे लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलेलं, की चाळिशी उलटल्यावर एका मित्राकडे जॉन्सनचं ‘कॅरोलायना शाउट’ पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा पियानोवर दोघे जण बसले असावेत असंच मला वाटलं. मित्र म्हणाला, “एकच आहे. पुन्हा ऐक.” त्या पुन्हा ऐकण्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. संगीताचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. नोकरी सांभाळून जे वाचलं आणि कानांनी जे तपासता आलं, तेवढंच माझं भांडवल.

या वादनशैलीला स्ट्राइड म्हणतात. ती कशी जन्मली, का मागे पडली आणि पुन्हा कशी उभी राहिली, याचा माग काढताना माझा एक समज मोडला. कला लोकांच्या मनातून उतरली की मरते, असं मी धरून चाललो होतो. स्ट्राइडच्या बाबतीत तसं घडलेलं दिसत नाही. ती जे काम करत होती ते काम दुसरं कुणी करू लागलं, म्हणून ती मागे पडली. हे काम होतं डाव्या हाताचं, आणि त्या कामाला मजुरी होती.

ढांगा टाकणारा हात

स्ट्राइड म्हणजे लांब ढांग. चार मात्रांचं एक आवर्तन धरा. पहिल्या मात्रेला डावा हात पियानोच्या डाव्या टोकाकडे जाऊन खर्जातला एखादा स्वर दाबतो. दुसऱ्या मात्रेला तोच हात दीड-दोन सप्तकांची उडी घेऊन मध्यावर येतो आणि तीन-चार स्वर एकदम दाबून कॉर्ड वाजवतो. तिसऱ्या मात्रेला पुन्हा खाली, चौथीला पुन्हा वर. बँडमध्ये खर्ज ट्यूबा किंवा बास देतो, कॉर्ड बँजो किंवा गिटार देते, ठेका ड्रमवाला धरतो. या तिघांचं काम इथे एकटा डावा हात करतो. त्याच्या जोरावर उजवा हात क्लॅरिनेट-ट्रम्पेटसारखा मोकळा हुंदडतो.

हे द्रुत लयीत, एकही उडी न चुकता, गाणं संपेपर्यंत चालवायचं असतं. हाताकडे पाहून वाजवायला वेळच नसतो. जॉन्सन अंधारात बसून सराव करी. पट्ट्यांवर बिछान्याची चादर पसरून अवघड रचना त्या चादरीवरून वाजवी. हे त्यानंच १९५३ मध्ये टॉम डेव्हिनला दिलेल्या मुलाखतीत सांगून ठेवलं आहे. ती पुढे १९५९-६० मध्ये ‘जॅझ रिव्ह्यू’ मासिकात क्रमशः छापली गेली, आणि हार्लेमच्या पियानोवाल्यांचं जग आतून पाहायचं तर आजही तिच्याकडेच जावं लागतं.

ही पद्धत कुणी शून्यातून काढलेली नव्हती. डाव्या हाताची खर्ज-कॉर्ड चाल त्याआधी रॅगटाइममध्ये रुळली होती. स्कॉट जॉप्लिनचा ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ मध्ये छापला गेला आणि घराघरांतल्या पियानोवर पोचला. रॅगटाइम ही छापील कागदाची कला. कागदावर असेल तसं वाजवायचं, आणि तेही घाई न करता. वेगात वाजवू नका, अशी सूचना जॉप्लिन आपल्या रचनांवर छापत असे. बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क या पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांतल्या वादकांनी ही सूचना धुडकावली. त्यांनी लय वाढवली आणि छापील स्वर जागच्या जागी बदलायला सुरुवात केली. खर्जाच्या एका स्वराऐवजी ते ‘सा’ आणि वरच्या सप्तकातला ‘ग’ असे दोन स्वर एका पंज्यात पकडू लागले. इंग्रजी मोजणीत हे दहा स्वरांचं अंतर, आणि ते पकडायला हात मोठा लागतो. फिलाडेल्फियाचा लकी रॉबर्ट्स अंगानं ठेंगणा, पण त्याचा पंजा चौदा स्वरांवर पसरे असं सांगतात. म्हणजे खालच्या ‘सा’पासून वरच्या सप्तकातल्या ‘नी’पर्यंत.

आणखी एक बदल आपल्याकडच्या लयदार कानाला लगेच कळेल. ‘कॅरोलायना शाउट’च्या सुरुवातीलाच जॉन्सनचा डावा हात खर्ज-कॉर्ड या जोड्या मोडतो. आठ मात्रांचे दोन-दोनचे चार भाग न करता तो तीन, तीन, दोन असे करतो. उजवा हात सरळ चाललेला असतो, खालची जमीन मात्र सरकते, आणि आठव्या मात्रेनंतर दोघे पुन्हा समेवर भेटतात. आपल्याकडे तबलजी असं करतो तेव्हा श्रोते मान डोलावतात. तिथे श्रोते मान डोलावत नव्हते, नाचत होते.

तळघर आणि घरभाडं

जॉन्सनचा जन्म १ फेब्रुवारी १८९४ चा, न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक गावचा. १९०८ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला आलं आणि मॅनहॅटनच्या पश्चिमेला, साठाव्या रस्त्यांच्या आसपास सान वान हिल नावाच्या कृष्णवर्णीय वस्तीत राहिलं. तिथल्या एका भागाला ‘जंगल्स’ म्हणत. ब्रूटो जियानिनी नावाच्या इटालियन शिक्षकाकडे जॉन्सन पाश्चात्त्य अभिजात पियानोची बोटं शिकला, आणि पोटासाठी १९१३ च्या सुमाराला ‘जंगल्स कसिनो’त वाजवू लागला.

नाव कसिनो, जागा म्हणजे तळघर. नृत्यगृहाचा परवाना मिळत नव्हता, म्हणून कागदोपत्री ती नृत्यशाळा. पलीकडे भट्टी आणि कोळसा तसाच पडलेला; पोलीस आले तर दारूच्या बाटल्या कोळशात खुपसायच्या. नाचायला येणारे बरेचसे दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरून आलेले गुल्ला लोक. त्यांच्या गावी ‘रिंग शाउट’ नावाचा भक्तिनृत्याचा प्रकार होता. लोक गोलात पाय घासत फिरत. एक जण ओळ म्हणे, बाकीचे उत्तर देत. म्हणजे ‘शाउट’चा अर्थ इथे ओरडणं असा नाही. दिवसभर बंदरात आणि घरकामात राबलेले हे लोक रात्री पियानोवाल्याकडे गावाकडचं संगीत मागत. त्यांच्या पावलांना पुरे पडेल असं काही रचता रचता जॉन्सनच्या हातून ‘कॅरोलायना शाउट’ आलं. त्यात एक हात विचारतो आणि दुसरा उत्तर देतो, ती त्या गोलातलीच सवाल-जबाबाची रीत. अशाच नाचांसाठी आपण आठ ‘चार्ल्स्टन’ रचल्याचं जॉन्सन सांगे. त्यातलं एक पुढे ब्रॉडवेवर गेलं. दक्षिणेतल्या एका बंदराचं नाव जगभरच्या नाचघरांत पोचलं ते या तळघरातून.

पुढच्या दहा वर्षांत कृष्णवर्णीयांची वस्ती उत्तरेला हार्लेममध्ये सरकली. दक्षिणेतून माणसांचे लोंढे येत होते आणि वर्णभेदामुळे त्यांना शहरात दुसरीकडे घर मिळत नव्हतं. घरमालकांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे हार्लेममधल्या कृष्णवर्णीय भाडेकरूला गोऱ्या भाडेकरूपेक्षा जास्त भाडं पडे आणि मजुरी मात्र कमी मिळे. महिनाअखेर आली की एखादं कुटुंब चिठ्ठ्या छापून वाटायचं: अमुक पत्त्यावर शनिवारी रात्री या. दारावर पाव डॉलरच्या आसपास घ्यायचे, आत तळलेले मासे, डुकराचे पाय, भात आणि दारूबंदीच्या काळातली चोरटी जिन वेगळ्या पैशांनी विकायची. खुर्च्या-टेबलं शेजाऱ्यांकडे सरकवायची आणि बैठकीच्या खोलीत पहाटेपर्यंत नाच चालवायचा. सकाळी भाड्याचे पैसे उभे राहत. याला ‘रेंट पार्टी’ म्हणत. कवी लँग्स्टन ह्यूज या छापील चिठ्ठ्या जमवून ठेवी.

अशा खोलीत बँड मावणार नाही, आणि त्याला पैसे दिले तर भाड्याला काय उरणार? भिंतीला टेकलेला उभा पियानो मात्र बऱ्याच घरांत असे. अमेरिकेत १९०९ या एका वर्षात साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले होते. तेव्हा एक पियानो आणि एक माणूस. चाळीस-पन्नास माणसांच्या पावलांचा आवाज कापून जाईल असा ठेका, खर्ज आणि गाणं, सगळं त्या एका माणसानं द्यायचं. स्ट्राइडचा दणदणीत डावा हात या गरजेतून घडला. त्याच्या सौंदर्याबद्दल पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. माझ्या मते ते सौंदर्य समजून घ्यायचं तर आधी हा हिशेब समजून घ्यावा लागतो.

या वादकांना ‘टिकलर’ म्हणत, आणि त्यांचा थाट मोठा. महागडा ओव्हरकोट घालून यायचं. तो काढून, अस्तर लोकांना दिसेल असा घडी करून पियानोवर ठेवायचा. बसल्यावर आपला ठरलेला एक कॉर्ड वाजवायचा, म्हणजे शेजारच्या खोलीतल्यालाही कोण आलं ते कळे. डोक्यावर डर्बी हॅट आणि तोंडात सिगार असलेला विली ‘द लायन’ स्मिथ हा या थाटाचा राजा. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात असताना गाजवलेल्या मर्दुमकीमुळे आपल्याला ‘सिंह’ म्हणतात, असं तोच सांगे. वाजवायला बसला की समोरच्याला टोमणे मारी, आणि मग त्याच हातांनी ‘एकोज ऑफ स्प्रिंग’सारखी तलम रचना काढी.

कागदाची गुंडाळी, तबकडी, शिष्य

स्ट्राइड टिकली कशी, हे समजण्यासाठी ती शिकली कशी जायची ते पाहावं लागेल. गुरूच्या घरी राहून शिकणं तिथेही होतं, पण एक मधला गुरू यंत्राचा होता. त्या काळी ‘प्लेयर पियानो’ घरोघरी असत. भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी आत बसवायची. पायानं हवा दिली की पट्ट्या आपोआप दाबल्या जात. जॉन्सननं अशा गुंडाळ्या १९१७ पासून बनवल्या. ‘कॅरोलायना शाउट’ची तबकडी ऑक्टोबर १९२१ ची, ओके कंपनीची, गुंडाळीवर ही रचना त्याआधीही आलेली होती.

वॉशिंग्टनमध्ये एक तरुण मुलगा ही गुंडाळी सावकाश फिरवून, कोणत्या पट्ट्या दबतात ते पाहून रचना पाठ करत होता. १९२१ मध्ये जॉन्सन त्या शहरात आला तेव्हा मित्रांनी या मुलाला पुढे ढकललं आणि त्यानं खुद्द जॉन्सनसमोर ती वाजवून दाखवली. तो मुलगा पुढे ड्यूक एलिंग्टन म्हणून जगाला कळला. न्यूयॉर्कमध्ये दुसरा एक मुलगा दबलेल्या पट्ट्यांवर आपली बोटं ठेवून तीच रचना शिकत होता. तो थॉमस वॉलर, म्हणजेच फॅट्स वॉलर. जन्म १९०४ चा, वडील चर्चमध्ये प्रवचन करणारे. १९२० मध्ये आई गेली, मुलगा घराबाहेर पडून एका पियानोवादकाकडे राहू लागला, आणि तिथून जॉन्सनपर्यंत पोचला. जॉन्सननं त्याला शिष्य म्हणून घेतलं.

गुरूपेक्षा शिष्याचं नाव मोठं झालं. ‘हँडफुल ऑफ कीज’, ‘एन्ट मिसबिहेविन’, ‘हनीसकल रोज’ या तिन्ही रचना १९२९ सालातल्या. वॉलर गात होता, भुवया उडवत होता, गाण्याच्या मधेच चेष्टा करत होता, आणि या सगळ्याखाली त्याचा डावा हात घड्याळासारखा चालत होता. रेडिओनं आणि सिनेमानं त्याला घराघरांत नेलं.

जॉन्सनचं मन दुसरीकडे ओढ घेत होतं. त्याला सिंफनी लिहायच्या होत्या. ‘यामेक्रॉ’ ही त्याची कृष्णवर्णीय जीवनावरची रॅप्सडी १९२८ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये झाली, पण पियानोवर तो नव्हता. त्याच वेळी चालू असलेल्या संगीतिकेतून त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्याच्या जागी वॉलर बसला. १९३२ मध्ये ‘हार्लेम सिंफनी’ आली. ह्यूजच्या संहितेवर त्यानं ‘डी ऑर्गनायझर’ हा एकांकी ऑपेरा केला. नाचणाऱ्यांसाठी घडलेल्या हाताला बसून ऐकणारे श्रोते हवे होते, आणि ते त्याच्या हयातीत फारसे मिळाले नाहीत.

हाताची बेकारी

१९२९ ला मंदी आली. १९३३ ला दारूबंदी उठली, तेव्हा दारूसाठी कुणाच्या घरी जाण्याचं कारण उरलं नाही. मग बारमध्ये ज्यूकबॉक्स आले. एका नाण्यात गाणं वाजवणाऱ्या पेटीला ना कोट लागे, ना सिगार. घरात रेडिओ आला आणि पियानोचा खप कोसळला. पण ही सगळी बाहेरची कारणं झाली. खरा बदल बँडच्या आत झाला.

तो काउंट बेसीच्या हातात स्पष्ट दिसतो. बेसीचा जन्मही १९०४ चा आणि न्यू जर्सीचाच. हार्लेमच्या लिंकन थिएटरात वॉलरच्या पायाशी बसून तो ऑर्गन शिकला. म्हणजे घराणं अस्सल स्ट्राइडचं. पण कॅन्सस सिटीत त्याचा स्वतःचा बँड उभा राहिला तेव्हा बासवर वॉल्टर पेज होता, ड्रमवर जो जोन्स, आणि थोड्याच दिवसांत गिटारवर फ्रेडी ग्रीन आला. खर्ज, ठेका आणि कॉर्ड या तिन्ही जागा भरल्या. आता डाव्या हातानं तेच काम केलं तर गर्दी होणार. बेसीनं आपला डावा हात हळूहळू शांत केला. पुढे त्याची ख्याती झाली ती अचूक जागी टाकलेल्या दोन-चार स्वरांसाठी. ते दोन-चार स्वर ऐकताना मला नेहमी न वाजलेला डावा हातही ऐकू येतो.

एकीकडे हाताचं काम जात असताना दुसरीकडे त्याची इयत्ता अशक्य वाढली. १९३२ मध्ये ओहायोतल्या टोलेडो गावचा, जवळजवळ दृष्टिहीन असलेला आर्ट टेटम न्यूयॉर्कला आला. हार्लेमच्या एका बारमध्ये जॉन्सन, वॉलर आणि विली स्मिथ यांनी त्याला ऐकलं, आणि त्या रात्री तिघांनीही मनातून हार मानली अशी आख्यायिका आहे. टेटमनं स्ट्राइडचा पाया ठेवून त्यावर इतके मजले चढवले, की मागून येणाऱ्या तरुणाला त्या वाटेनं जाण्यात अर्थ वाटेना. १९४०च्या दशकात बीबॉप आलं. बड पॉवेलच्या पिढीच्या पियानोवर उजवा हात विजेसारखा धावू लागला आणि डावा मधूनमधून एखादा कॉर्ड टाकून गप्प बसू लागला.

याला आणखी एक बाजू होती. तरुण कृष्णवर्णीय वादकांना आता गंभीर कलावंत म्हणून मान हवा होता. गोऱ्या प्रेक्षकांपुढे हसवणारा, डोळे फिरवणारा काळा माणूस ही प्रतिमा त्यांना नकोशी झाली होती, आणि वॉलरच्या चेष्टांमुळे स्ट्राइडला त्या प्रतिमेचा वास लागला होता. वॉलरवर हा अन्यायच. पण तसं वाटण्यामागचा अनुभव खोटा नव्हता.

१५ डिसेंबर १९४३ रोजी आगगाडीच्या प्रवासात, कॅन्सस सिटीजवळ, वॉलर न्यूमोनियानं गेला. वय एकोणचाळीस. जॉन्सनला १९४० मध्ये पक्षाघाताचा पहिला झटका येऊन गेला होता. त्यातून सावरून त्यानं पुष्कळ वाजवलं. १९५१ च्या मोठ्या झटक्यानंतर मात्र तो अंथरुणातून उठला नाही. डेव्हिननं घेतलेली मुलाखत या अवस्थेतली आहे. पुढे त्याचं बालपण गेलं ती सान वान हिलची वस्तीही उठली. लिंकन सेंटर या कलासंकुलासाठी आणि आसपासच्या पुनर्विकासासाठी १९५०च्या दशकाच्या अखेरीस सात हजारांहून अधिक कुटुंबं हलवली गेली.

अमेरिकेत जागा आक्रसत असताना या पद्धतीचा एक हात मात्र पार आशियात येऊन पोचला होता, आणि त्याची वाट मुंबईवरून जाते. टेडी वेदरफर्ड हा शिकागोत नाव कमावलेला पियानोवादक १९२६ मध्ये शांघायला निघून गेला आणि पुढचं बहुतेक आयुष्य आशियातच राहिला. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. १९३७ मध्ये पॅरिसला जाऊन त्यानं एकट्या पियानोच्या तबकड्या केल्या. त्याच्या डाव्या हाताची ताकद आज त्यांत ऐकायला मिळते. गोव्याहून मुंबईत आलेले वादक या काळात हॉटेलांतल्या अमेरिकन बँडांना ऐकत होते, आणि याच गोवेकरांनी पुढे हिंदी चित्रपटसंगीताची वाद्यरचना सांभाळली. युद्धकाळात वेदरफर्ड कलकत्त्यात होता, अमेरिकन सैनिकांच्या रेडिओसाठी वाजवत होता. एप्रिल १९४५ मध्ये तिथेच पटकीनं त्याचा अंत झाला. वय एक्केचाळीस.

पुन्हा कामावर

स्ट्राइड परत आली ती एकाच वेळी दोन वाटांनी, आणि या दोन वाटांचा एकमेकींशी फारसा संबंध नव्हता.

पहिली वाट संग्राहकांची. जुन्या तबकड्या जमवणाऱ्या, बहुतांश गोऱ्या तरुणांनी १९४०च्या दशकातच हे संगीत कानानं उतरवून घ्यायला सुरुवात केली. राल्फ सटन, डिक वेलस्टुड, डिक हायमन ही त्यांतली ठळक नावं. हयात असलेल्या गुरूंनाही थोडा उशिरा मान मिळाला. १९५८ मध्ये लकी रॉबर्ट्स आणि विली स्मिथ यांची एकत्र ध्वनिमुद्रिका निघाली. १९६९ मध्ये कोलंबियानं युबी ब्लेकच्या शहाऐंशी वर्षांच्या आयुष्यावर दोन तबकड्यांचा संच काढला. ब्लेकचं खरं जन्मवर्ष १८८७ असल्याचं पुढे कागदपत्रांत निघालं, म्हणजे तेव्हा तो ब्याऐंशीचा. पण त्यानं वाजवण्यात काय फरक पडतो? १९७३ च्या ‘द स्टिंग’ चित्रपटानं जॉप्लिनला पुन्हा लोकांच्या ओठांवर आणलं. १९७८ मध्ये वॉलरच्या गाण्यांची ‘एन्ट मिसबिहेविन’ ही संगीतिका ब्रॉडवेवर आली आणि तिनं त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट संगीतिकेचं टोनी पारितोषिक मिळवलं. मग ही वाट युरोपात गेली. आज पॅरिसचा लुई माझेतिए, इटलीचा रोसानो स्पोर्तिएलो, अमेरिकेची ज्यूडी कारमायकल आणि १९८७ मध्ये जन्मलेली सेंट लुइसची स्टेफनी ट्रिक हे वादक जॉन्सनच्या रचना अशा सफाईनं वाजवतात, की गुरूनं दाद दिली असती.

दुसरी वाट कृष्णवर्णीय वादकांच्या आतूनच चालत होती, फक्त तिला कुणी पुनरुज्जीवन म्हणत नव्हतं. बीबॉपच्या प्रवर्तकांपैकी एक असलेला थेलोनियस मंक सान वान हिलच्या त्याच वस्तीत वाढला. त्याच्या १९६५ च्या एकल ध्वनिमुद्रिकेत डावा हात सरळ ढांगा टाकत चालतो. स्वर तिरपे, आधुनिक, पण चाल जॉन्सनची. मेरी लू विल्यम्स आणि जाकी बायर्ड यांनीही ही चाल कधी सोडली नाही. बायर्ड तर एकाच रचनेत स्ट्राइडमधून थेट मुक्त जॅझमध्ये जाई आणि परत येई.

या दोन वाटांकडे पाहताना मला एक प्रश्न बराच काळ छळत होता. संग्राहकांनी हात वाचवला, एकेक स्वर वाचवला. पण खोली? घाम, तळलेले मासे, उद्या भरायचं भाडं, खालची जमीन सरकली की पावलं बदलणारे नाचणारे? सभागृहात शांत बसून ‘कॅरोलायना शाउट’ ऐकणाऱ्यांना ते तीन-तीन-दोन कळतं, पण त्यांच्या पायांना त्याचं काही करायचं नसतं. दुसरीकडे हेही खरं, की संग्राहकांनी तबकड्या जपल्या नसत्या तर मुंबईत बसून मला यातलं काहीच ऐकायला मिळालं नसतं. ज्यानं वाचवलं त्याला, तू अर्धंच वाचवलंस, असं म्हणण्याचा अधिकार माझ्यासारख्या दूरच्या श्रोत्याला कितपत आहे, हेही मी स्वतःला विचारतो.

उत्तराच्या जवळ जाणारं काही अलीकडे घडलं. जेसन मोरन या कृष्णवर्णीय पियानोवादकाला २०११ मध्ये ‘हार्लेम स्टेज’ संस्थेनं वॉलरवर काही करायला सांगितलं. मोरननं वॉलरच्या रचना जुन्या बरहुकूम न वाजवता आजच्या नाचाच्या लयीत बसवल्या, कागदाच्या लगद्याचा वॉलरचा भलामोठा मुखवटा डोक्यावर चढवला आणि लोकांना नाचायला लावलं. यात डाव्या हाताची शुद्ध चाल पुष्कळदा सापडत नाही, आणि शुद्धतावाद्यांना ते खटकेल. पण हार्लेममध्ये वॉलरच्या गाण्यावर पावलं मात्र परत आली.

जॉन्सनचे कागदही हळूहळू हाती लागले. १९९०च्या दशकात संगीत-संचालिका मारिन अल्सॉप हिनं त्याच्या वाद्यवृंदासाठीच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या. हरवला असं समजलेल्या ‘डी ऑर्गनायझर’ची स्वरलिपी मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जेम्स डॅपोग्नी या पियानोवादक-अभ्यासकाला सापडली, आणि २००२ मध्ये तो ऑपेरा पुन्हा उभा राहिला.

दगड राहिला होता. ४ ऑक्टोबर २००९ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या ‘स्मॉल्स’ या तळघरातल्या क्लबात पियानोवादक जमले. कार्यक्रमाला नाव दिलं होतं ‘जेम्स पी. जॉन्सनची शेवटची रेंट पार्टी’. एकामागून एक उठून वाजवत होते, आणि जमलेले पैसे थडग्याच्या दगडासाठी होते. त्याच महिन्यात माउंट ऑलिव्हेटमध्ये तो दगड बसला.

ज्या हातानं हार्लेममधल्या किती घरांचं भाडं भरलं त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही, त्या हाताच्या मालकाचं शेवटचं भाडं असं, तळघरात पियानो वाजवून, भरलं गेलं. त्या रात्री वाजवणाऱ्यांत गोरे होते, काळे होते, नव्वदीकडे झुकलेले होते की पंचविशीतले, हा हिशेब मी आता करत नाही. डाव्या हाताला पुन्हा एक काम मिळालं होतं, आणि त्यानं ते केलं.